एकाच हॉलमध्ये गाणं आणि सिनेमा: रिसीव्हरला स्टिरिओ ॲम्पची जोड, वापरानंतरचा अनुभव

आधी जोडणी सांगतो. सात चॅनेलचा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटणारं यंत्र. त्याच्या फ्रंट प्री-आउटमधून (पुढच्या स्पीकरचा सिग्नल बाहेरच्या ॲम्पसाठी देणारी जोडणी) आरसीए केबलची जोडी निघून ८० वॉटच्या स्टिरिओ इंटिग्रेटेड ॲम्पच्या बायपास इनपुटला (त्याचा व्हॉल्यूम टाळणारं इनपुट) जाते आणि पुढचे दोन्ही स्पीकर या ॲम्पवर आहेत. सेंटर, मागचे दोन आणि सबवूफर रिसीव्हरकडे. जागा म्हणजे नाशिकच्या पाथर्डी फाटा-इंदिरानगरकडच्या इमारतींत असतो तसा १२ बाय १६ फुटांचा हॉल, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आणि एका बाजूला सरकत्या काचा.

उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्यावर मत पक्कं झालंय: दोन्ही कामांसाठी रिसीव्हर घ्यायचा तर वॉट नंतर बघा, आधी मागच्या बाजूला फ्रंट प्री-आउट आहेत का ते बघा. स्वस्त मॉडेलवर बहुतेक वेळा सबवूफरचाच प्री-आउट असतो, म्हणजे पुढे ॲम्प जोडायची वाट बंद.

वॉटचं गणित एकदा नीट समजून घ्यावं. खोक्यावर '१६५ वॉट' छापलेलं असतं, पण तो आकडा ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन आणि एकच चॅनेल चालू असतानाचा असू शकतो. तोच रिसीव्हर ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल या अटींवर ८०-९० वॉटवर येतो. घाबरायचं कारण नाही. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (१ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबल देणाऱ्या) स्पीकरवर तीन मीटर अंतरावरून सरासरी ७५ डेसिबलने ऐकायला अर्धा वॉटही लागत नाही. तबल्याच्या थापेला आवाज २० डेसिबल उसळला तर शंभरपट, म्हणजे फार तर पन्नास वॉट. ८० वॉट आणि १०० वॉट यांत जेमतेम १ डेसिबलचा फरक आहे, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. स्पीकर ४ ओहमचे असतील तर मात्र ॲम्प त्या लोडसाठी बनवलाय का, हे पाहायलाच हवं.

मग वेगळा ॲम्प कशाला? खरं सांगायचं तर बेताच्या आवाजात दोन चांगल्या ॲम्पमधला फरक लोक म्हणतात तेवढा ऐकू येत नाही. फायदा दुसरीकडे आहे. पुढच्या स्पीकरचा भार गेल्यामुळे रिसीव्हरचा पॉवर सप्लाय सेंटर आणि सराउंडला मोकळा मिळतो. गाणं ऐकताना रिसीव्हर आणि टीव्ही बंद ठेवता येतात. शिवाय एचडीएमआय दर काही वर्षांनी बदलतं. २०२० च्या सुमारास आलेले काही रिसीव्हर ४के १२० हर्ट्झ सिग्नलवर अडखळत होते. स्टिरिओ ॲम्पमध्ये असलं काही जुनं होत नाही; रिसीव्हर बदलला तरी तो राहतो.

बायपास इनपुटला ॲम्पचा व्हॉल्यूम लागू होत नाही, सगळा ताबा रिसीव्हरकडे जातो. ॲम्पला बायपास नसेल आणि तुम्ही ऑक्स (साधं इनपुट) वापरलात, तर व्हॉल्यूमच्या एका ठरावीक खुणेवरच कॅलिब्रेशन (स्पीकरचे आवाज मोजून जुळवणं) करावं लागतं आणि नंतर दर सिनेमाला तीच खूण लावावी लागते. घरात कोणी नॉब पूर्ण फिरवला तर ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) गेलाच म्हणून समजा. जोडणी झाल्यावर माइक लावून कॅलिब्रेशन पुन्हा करा आणि फ्रंटचा ट्रिम, म्हणजे रिसीव्हरने लावलेली आवाजाची पातळी, बघा. तो उणे १२ वर टेकला असेल, तर ॲम्पचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) जास्त आहे आणि रिसीव्हरला त्याहून खाली जाता येत नाहीये. चालू करताना आधी रिसीव्हर, मग ॲम्प. बंद करताना उलट, नाहीतर स्पीकरमधून 'धप्प' येतं. १२ व्होल्ट ट्रिगर (रिसीव्हरबरोबर ॲम्प आपोआप चालू-बंद करणारी जोडणी) असेल तर हा व्याप वाचतो. सिनेमाला ॲम्पही चालू लागतो, हे घरच्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

एकाच स्पीकरला दोन ॲम्पच्या तारा एकत्र कधीही जोडू नका. स्विच बॉक्स वापरायचा असेल तर प्लस-मायनस दोन्ही तोडणारा घ्या. बऱ्याच क्लास डी (स्विचिंग पद्धतीच्या) ॲम्पचं मायनस टर्मिनल ग्राउंड नसतं, कॉमन ग्राउंडच्या बॉक्सवर ते जळू शकतात. सबवूफरच्या हाय-लेव्हल (स्पीकरच्या टर्मिनलवरून सिग्नल घेणाऱ्या) जोडणीतली काळी तारही त्याच कारणाने विचारून लावावी.

आता बास. १६ फुटी लांबीमुळे ३५ हर्ट्झ आणि १२ फुटी रुंदीमुळे ४७ हर्ट्झच्या आसपास या हॉलमध्ये घुमारा साचतो, ॲम्प कोणताही असो. रिसीव्हरमधून ऐकताना ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (त्याखालचा आवाज सबवूफरकडे वळवणारी सीमा) आणि रूम करेक्शन (खोलीमुळे बिघडलेला आवाज मोजून सुधारणं) हे बरंच आवरतं. थेट ॲम्पवर ऐकताना यातलं काहीच नसतं, ही या पद्धतीची खरी उणीव. डग्गा फुगल्यासारखा वाटला तर पुढचे स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा आणि टाइल्सवर जाड सतरंजी टाका. सतरंजी बासला काही करत नाही, पण वरची खणखण कमी होते. रिसीव्हरला ऑडिसी (रूम करेक्शनची एक प्रणाली) असेल तर फोनवरच्या एडिटर ॲपमधून करेक्शन ५०० हर्ट्झपर्यंतच ठेवा आणि मिडरेंज कॉम्पेन्सेशन बंद करा. ते २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम खड्डा पाडतं आणि गायकाचा आवाज मागे सरकतो. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून जवारी ऐका, फरक लगेच कळेल. डायनॅमिक ईक्यू (हळू आवाजात बास वाढवणारी सोय) गाण्याला बंद, सिनेमाला चालू.

गुणगुण आली तर पहिला संशय सेट-टॉप बॉक्सच्या केबलवर घ्या. ती कोॲक्स (सिग्नलची गोल केबल) काढल्यावर आवाज थांबला तर तिथे आयसोलेटर लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला देणारे भेटतात, ऐकू नका. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर घुंघुं करतो, अशा वेळी बंद ठेवलेला बरा.

एप्रिल-मेमध्ये बंद टीव्ही युनिटमध्ये रिसीव्हर ठेवू नये. वर किमान १५ सेंटीमीटर जागा हवी आणि ॲम्प त्याच्या डोक्यावर नको. जाळीतून झुरळं-पाली आत जातात, पण म्हणून कापड टाकू नका. तारेचं म्हणाल तर सहा मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते.

सराउंड नकोच असेल तर एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने ॲम्पकडे आणणारी सोय) असलेला स्टिरिओ ॲम्प आणि एक सब पुरे. मधोमध बसलात तर संवाद पडद्यातूनच येतात, सोफ्याच्या टोकाला मात्र जवळच्या स्पीकरमधून. बाहेरून स्वस्तात आणलेला माल घेताना मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट आहे ना, ते वाचा. १२० व्होल्टचा निघाला तर वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि इथे वॉरंटी मिळण्याची आशा जवळपास सोडावी लागते.