ग्रॅम की डॉर्गन? बाजाराच्या जोखमीबद्दल कोणाचं ऐकायचं

२००८ च्या क्रायसिसबद्दल वाचायला घेतलं की फिल ग्रॅम आणि बायरन डॉर्गन या दोन माजी अमेरिकन सिनेटर्सची नावं येतातच. एक म्हणतो बाजाराला मोकळं सोडा, दुसरा म्हणतो आवरा. ग्लास-स्टीगल म्हणजे साध्या बँका आणि शेअरबाजारातल्या इन्व्हेस्टमेंट बँका वेगळ्या ठेवणारा १९३३ चा कायदा, त्याच्या खोलात जात नाही.

ग्रॅम टेक्सासचे, मुळात इकॉनॉमिक्सचे प्रोफेसर. ज्याचा पैसा अडकलाय तो कुठल्याही सरकारी अधिकाऱ्यापेक्षा डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो, असं त्यांचं थोडक्यात म्हणणं, आणि वाचताना ते पटतं हो. डॉर्गन नॉर्थ डकोटाचे, त्यांचा सूर तक्रारीचा, डेरिव्हेटिव्ह (व्याजदर, कर्ज, शेअर अशा कशाच्या तरी किमतीवर बेतलेले करार) म्हणजे जुगार हे १९९४ पासून चालूच, थोडा कंटाळा येतो. १९९९ मध्ये बँक, ब्रोकरेज आणि इन्शुरन्स एकाच ग्रुपमध्ये आणायची मुभा देणारा ग्रॅम यांचा कायदा सिनेटमध्ये ९० विरुद्ध ८ ने पास झाला, त्या आठात डॉर्गन होते, दहा वर्षांनी आपण पस्तावू म्हणाले आणि नवव्याच वर्षी लेहमन ब्रदर्स ही बडी इन्व्हेस्टमेंट बँक बुडाली.

पण नुसत्या भाकितावर भाळू नका. लेहमन, आणि २००८ मध्येच कोसळलेली बेअर स्टर्न्स, या मूळच्या इन्व्हेस्टमेंट बँकाच, १९९९ चा कायदा नसता तरी त्या बहुतेक तशाच गेल्या असत्या. उलट तो कायदा होता म्हणून बँक ऑफ अमेरिकाला अडचणीतली मेरिल लिंच ही इन्व्हेस्टमेंट बँक घेता आली असं ग्रॅमवाले म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

माझं घोडं अडलं ते २००० च्या कायद्यापाशी. त्याच्यामागेही ग्रॅमच होते, आणि त्याने बँकाबँकांमधले स्वॅप (दोन पार्ट्यांनी आपसात केलेले डेरिव्हेटिव्ह करार) बहुतांशी रेग्युलेटरच्या हाताबाहेर ठेवले, कारण काय तर दोन्ही बाजू जाणकार, एकमेकांवर नजर ठेवतील. आता मी स्वतः काही वर्षं एका बँकेच्या बॅक ऑफिसला डेरिव्हेटिव्हच्या सेटलमेंटवर होतो. समोरच्या पार्टीकडे आपलं किती अडकलंय याची शीट रोज निघायची, लिमिट, कोलॅटरल (म्हणजे तारण) सगळं व्यवस्थित, पण त्याच पार्टीने बाहेर अजून किती जणांना असाच शब्द देऊन ठेवलाय हे कळायला मार्गच नव्हता, वर विचारलं की त्या पार्टीचं रेटिंग, म्हणजे पत किती चांगली याचा शेरा, पुढे करायचे, झालं. मग जाणकार माणसाने नजर ठेवायची ती कशावर? एआयजी या मोठ्या अमेरिकन विमा कंपनीचं तेच झालं ना, कर्जं बुडाली तर आम्ही भरून देऊ असे स्वॅप तिने अनेकांना विकले होते. रेटिंग चांगलं म्हणून आधी कोणी फार काही मागितलं नाही, २००७ पासून कोलॅटरलच्या मागण्या सुरू झाल्या, सप्टेंबर २००८ मध्ये रेटिंग घसरलं आणि त्या एकदमच वाढल्या, शेवटी फेडला (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला) ८५ अब्ज डॉलर्सचं कर्ज द्यावं लागलं.

२०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने बरेचसे स्वॅप क्लिअरिंग हाऊसमधून (दोन्ही पार्ट्यांच्या मध्ये उभं राहून व्यवहाराची हमी घेणारी संस्था) जायला लागले, रिपोर्टिंग सक्तीचं झालं. बॅक ऑफिसवाल्यांचा ताप वाढतो याने, ते नाकारत नाही, शिवाय सगळी जोखीम त्या क्लिअरिंग हाऊसवर गोळा होते हा ग्रॅम यांच्या बाजूचा मुद्दा आहेच.

तर तुमचा प्रश्न बँकांच्या मर्जरचा असेल तर ग्रॅम यांना सहज उडवून लावू नका, मला स्वतःला तिथे अजून फिफ्टी-फिफ्टी वाटतं. डेरिव्हेटिव्हचा असेल तर मात्र मी तरी डॉर्गनकडे, कंटाळा येत असला तरी.