उपचार थांबवणं की इंजेक्शन देणं?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग एका हल्ल्यानंतर 42 वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांनी त्यांना घास भरवले, पाठीला व्रण होऊ दिले नाहीत. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने केलेली इच्छामरणाची याचिका फेटाळली, पण व्हेंटिलेटरसारखे उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. 2018 पासून तसं इच्छापत्र आधीच करून ठेवता येतं. 2023 पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत.

नेदरलँड्समध्ये 2002 पासून कायद्याच्या अटी पाळून डॉक्टर जीव संपवणारं इंजेक्शनही देऊ शकतात. वेदनेने तळमळणाऱ्याला तीच खरी दया वाटेल, हे मला कळतं. तरी मी पहिल्या वाटेच्याच बाजूने. आपल्याकडे आजारपणात घरं कर्जात बुडतात. म्हातारी आई 'आता पुरे' म्हणते, तेव्हा ती दुखण्याला कंटाळलेली असते की बिलाला?