ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची ऑईलगळती: दुरुस्तीनंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

दुरुस्ती टिकली आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कूलर पाईप, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑईल थंड व्हायला पुढे रेडिएटरकडे नेणारा पाईप, बदलला. त्यानंतर अख्खा पावसाळा, आंबा घाटातून रत्नागिरीच्या फेऱ्या आणि कोल्हापुरातला हा उन्हाळा काढून झाला, पण पार्किंगच्या फरशीवर लाल थेंब पुन्हा दिसलेला नाही. सविस्तर लिहितेय कारण हे काम मला ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणून सांगितलं गेलं होतं आणि प्रत्यक्षात ते गिअरबॉक्स जागचा न हलवता झालं. खर्चातला फरक जवळजवळ चौपट होता.

गाडी पेट्रोल सेडान, पुढची चाकं ओढणारी, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे ऑईलने भरलेला फिरता डबा असलेला) ऑटोमॅटिक. तुमच्याकडे एएमटी असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. तिथे आत मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो आणि ऑईलचं काम फारच साधं असतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मात्र ऑईल हेच सगळं चालवतं. इंजिनाची ताकद तेच पुढे देतं, आतले क्लच त्याच्याच दाबावर मिटतात, वंगण तेच आणि उष्णता बाहेर नेणारंही तेच. म्हणून इथली गळती इंजिन ऑईलच्या गळतीपेक्षा मी जास्त गंभीर मानते. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, डी टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग पकडते, चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही. तिथवर गेलात तर क्लचच्या प्लेटा जळायला लागलेल्या असतात.

माझ्या गाडीत तिथवर गेलं नव्हतं. घाट उतरून आल्यावर खाली थेंब पडायचे, एवढंच. आधी ते नक्की कशाचे आहेत ते ठरवलं. गाडी चालवून आल्या आल्या खाली पांढरा पुठ्ठा ठेवून थेंब घेतले. एसीचं पाणी नितळ असतं, जुनं इंजिन ऑईल काळपट. घोळ होतो तो कूलंटशी, कारण काही कंपन्यांचा कूलंटही लाल किंवा गुलाबी असतो. वाटीभर पाण्यात थेंब टाकला तर कूलंट विरघळतो, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) पाण्यावर तरंगतं. गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही बघा, कारण बऱ्याच गाड्यांत तिथेही एटीएफच असतं. माझं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे शंका उरली नाही.

पहिल्या वर्कशॉपने गाडी लिफ्टवर घेतली. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जोडले जातात त्या बेल हाऊसिंगच्या खालच्या कडेला थेंब लोंबत होता. तेवढ्यावर निदान झालं: टॉर्क कन्व्हर्टरचं पुढचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवा. हे निदान वेडगळ नव्हे, ते सील खरोखर जातं आणि गेलं तर दुसरा मार्ग नसतो. पण धावत्या गाडीखाली वारा ऑईलला मागे ढकलतो आणि मग ते सगळ्यात खालच्या कडेवरून टपकतं. थेंब कुठे लोंबतोय यावरून गळती कुठे आहे ते कळत नाही.

शिरोलीतले ज्यांच्याकडे मग गाडी नेली ते मामा आयुष्यभर ऑटोमॅटिक गाड्यांवरच काम करत आलेत. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “ताई, खाली कुठं पडतंय ते र्‍हाऊ दे, वर कुठनं येतंय ते बघूया.” त्यांनी बेल हाऊसिंगच्या खालचं छोटं रबरी झाकण काढून आत एंडोस्कोपचा कॅमेरा घातला. पुढचं सील गळत असेल तर फिरणारा कन्व्हर्टर ते ऑईल आत चौफेर उडवतो आणि भिंती ओल्या होतात. आमच्याकडे आत कोरडी धूळ होती. गिअरबॉक्स उतरवायचा प्रश्न तिथेच मिटला. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे. मोठं काम सांगणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपला आधी एवढं दाखवायला सांगा.

पुढची पायरी स्वच्छतेची. खालचा सगळा भाग डिग्रीझरने धुतला, सांध्यांवर ब्रेक क्लीनर मारून कोरडे केले. धुतल्याशिवाय शोध घेणं व्यर्थ आहे, कारण जुना चिखल आणि नवी गळती एकच दिसतात. मग ऑईलमध्ये चमकणारा रंग टाकला. हा रंग तेलात मिसळणारा हवा, कूलंटचा चालत नाही. गाडी नीट तापेपर्यंत चालवली आणि अंधार पडल्यावर पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्च मारला. दिवसा हे करू नका, काही दिसत नाही. चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑईल साठतं त्या तबकाचं) पॅकिंग कोरडं होतं, ड्रेन प्लग आणि गिअर सिलेक्टरच्या शाफ्टचं सीलही कोरडं. हिरवट पिवळी रेघ सुरू होत होती पार पुढे, रेडिएटरजवळ, जिथे कूलर पाईपचं रबर अॅल्युमिनियमच्या नळीवर दाबून बसवलेलं असतं. तिथून ती नळीवरूनच मागे बेल हाऊसिंगच्या कडेपर्यंत आली होती.

गळती गाडी चालवल्यावरच का व्हायची आणि रात्रभर पुठ्ठा जवळपास कोरडा का राहायचा, तेही यातून उलगडलं. कूलरच्या वाटेत दाब फक्त पंप फिरत असताना असतो. उलट रात्री उभ्या गाडीतून गळती होत असेल तर चेंबरचं पॅकिंग किंवा शाफ्टची सीलं आधी बघावीत, कारण इंजिन बंद झाल्यावर कन्व्हर्टरमधलं काही ऑईल चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते.

मामांनी अजून एक गोष्ट शोधली, आणि मला वाटतं दुरुस्ती टिकली ती तिच्यामुळे. पाईप धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली होती. पाईप सतत थरथरत राहिला आणि जोड सैल होत गेला. नुसता पाईप बदलला असता तर नवाही त्याच वाटेने गेला असता.

पाईपसाठी दोन पर्याय होते. आमच्याकडे जेसीबी आणि ऊसतोडणी यंत्रांचे हायड्रॉलिक होज क्रिंप करून देणारी दुकानं आहेत, तिथे जुन्या टोकांवर नवं रबर चढवून मिळतं आणि खूप स्वस्त पडतं. दाबाचा प्रश्न नाही. त्या यंत्रांत शेकडो बार असतात, कूलर पाईपमध्ये त्याच्या मानाने फारच थोडा. पण जुनी कॉलर (रबर दाबून धरणारी धातूची कडी) कापताना पातळ अॅल्युमिनियमवर ओरखडे पडायची भीती मला वाटली, म्हणून टोकांसकट अख्खा नवा पाईप मागवला. दुकानातून करून घेणार असाल तर रबर एसएई जे१५३२ दर्जाचं, म्हणजे ट्रान्समिशन ऑईल कूलरसाठीचंच घ्या. पेट्रोलचा साधा होज आणि क्लॅम्प लावून गाडी सोडणाऱ्याकडे परत जाऊ नये. दोन्ही टोकांच्या ओ-रिंगा नव्या घातल्या, क्लिपही नवी.

सोबत ऑईलही बदललं. चेंबरमधून निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं, हे लक्षात असू द्या. ऑईल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्या: डेक्सरॉन ६, टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाचं एसपी-४ हे सगळे वेगवेगळे आहेत, रंग लाल असला तरी. माझ्या गाडीला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, स्कॅनरवर ऑईलचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना लेव्हल प्लग उघडायचा आणि धार थांबून थेंब लागले की बंद करायचा. तापमानाचा एवढा आग्रह का, तर सात लिटर ऑईल आणखी पन्नास अंश तापलं की साधारण पाव लिटरने फुगतं. गरम गाडीत पातळी बघून ‘बरोबर आहे’ म्हणणारा तुम्हाला कमी ऑईलवर पाठवतो. जास्त भरणंही वाईटच: फेस होतो, ब्रीदरमधून (हवा जायच्या छिद्रातून) बाहेर येतो आणि पुन्हा गळतीसारखा दिसतो.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या मी वापरल्या नाहीत आणि सुचवणारही नाही. त्या सीलचं रबर फुगवून मऊ करतात. माझ्या गाडीत सीलचा दोषच नव्हता, म्हणजे त्या काहीच करू शकल्या नसत्या. यूव्ही टॉर्च मात्र घ्याच, घरी वर्षानुवर्षं उपयोगी पडतो. फक्त दुरुस्तीनंतर जुना चमकणारा रंग पुसून काढा, नाहीतर पुढच्या वेळी तोच बघून घाबराल.

एक तपासणी स्वतः करता येते, ती नियमित करते: इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीत बघणं. ज्या गाड्यांत ऑईल कूलर रेडिएटरच्या आत असतो तिथे तो फुटला तर खाली थेंबही पडत नाही, कूलंट आणि ऑईल मिसळून गुलाबी दुधासारखं होतं आणि पाणी क्लचच्या अस्तरात शिरतं. तसं दिसलं तर गाडी सुरूच करू नका, फ्लॅटबेडवर न्या. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढूही देऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आत वंगण फिरत नाही.

आजची स्थिती: गिअर मऊ बदलतात, घाटात गरम झाल्यावरही उशीर नाही. गेल्या महिन्यात लिफ्टवर पुन्हा टॉर्च मारला तेव्हा नवा जोड पूर्ण कोरडा होता. डाव्या एक्सेल सीलभोवती मात्र हलका ओलावा आहे, थेंब धरत नाही. मामांच्या मते आत्ता त्याला हात लावायची गरज नाही आणि मला ते पटलं. सील आणून ठेवलं आहे. पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी एक्सेल काढू, शाफ्टवर खाच पडली आहे का ते बघू आणि तेव्हाच बसवू.