दिराला आत टाकायला गेले होते: आमच्या वकिलांविषयी

साडेतीन तारे. ऑफिस तालुक्याच्या बाजारपेठेत, मेडिकलच्या वर. जिना अरुंद, कठडा डुगडुगतो. गुडघेवाल्यांनी जपून चढा.

आमची हापूसची कलमं डोंगरउताराला आणि तिथं जायची वाट चुलत दिरांच्या आवारातून. वहिवाट सासऱ्यांच्याही आधीची. वाटेच्या दाव्यात निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, मनाई हुकूम माझ्या बाजूनं झाला होता: वाटेला अडथळा करू नये. दिवाळीनंतर बाग साफ करायला गडी घेऊन गेले, तर वाटेवर चिऱ्यांचा कोरा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि मध्ये लोखंडी फाटक. तीन फुटी. कुलूप नाही. म्हणजे मी जाईन, माझा टेम्पो नाही.

हुकुमाची नक्कल पिशवीत घालून तडक जिना चढले. म्हटलं, हा कोर्टाचा अवमान आहे, हायकोर्टात टाका. १८ ऑगस्ट २०२५ पासून आमच्या सिंधुदुर्गाचं हायकोर्ट कोल्हापुरातच बसतं, गगनबावड्यानं उद्या पोचते. वकिलांनी चष्मा काढला. "काकी, तुमका तेका आत घालूचा हा काय वाट होयी?"

मला दोन्ही हवं होतं. रागच आला.

पण मग त्यांनी तासभर बसवून जे सांगितलं, त्यासाठी तीन तारे. १९७१ च्या अवमान कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने साधी कैद, नाहीतर दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! फेब्रुवारीत तेवढ्यात दीड-दोन डझन हापूस येतो. त्यातही कोर्टाचं समाधान होईल अशी माफी मागितली की शिक्षा माफ होऊ शकते. आणि आमचे दीर माफी मागण्यात पटाईत. लग्नकार्यात दरवर्षी कोणाची तरी मागतात. शिवाय खालच्या कोर्टाचा मनाई हुकूम मोडला तर दिवाणी संहितेतच सोय आहे, आदेश ३९ नियम २-अ: मिळकत जप्त, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. हायकोर्ट आधी विचारणार, ती सोय का सोडलीत?

खरी मेख पुढे होती. हुकूम जाणूनबुजून मोडला हे मी सिद्ध करायचं. दीर म्हणणार, गुरं शिरतात म्हणून फाटक, कुलूप कुठंय? हुकुमात वाटेची रुंदीच लिहिलेली नव्हती. आणि अवमानाच्या कामात कोर्ट मूळ हुकुमात नसलेली गोष्ट घालत नाही. आहे तेवढं मोडलं की नाही, एवढंच बघतं. "आठ फूट" हे दोन शब्द कागदावर नाहीत, तर अवमान करून ते उगवणार नाहीत. (मूळ अर्ज याच ऑफिसात टाईप झाला होता. तेव्हा रुंदी का नाही घातली, हे विचारलं तर साहेबांनी चहा मागवला. अर्धा तारा तिथं गेला.)

मग त्यांनी २-अ चा अर्ज टाकला तो धाक म्हणून, आणि सोबत वेगळे अर्ज: कोर्ट कमिशनर नेमून मोजणी, हुकुमात रुंदीचा खुलासा, गडगा काढण्याचा आदेश, लागल्यास पोलीस मदत. दीर कमिशनरसमोर टेप स्वतः धरायला आले, तेव्हाच मला कळलं की घाबरलेत. गडग्याच्या बाहेर जुन्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. आठ फूट दोन इंच.

पाच तारखा गेल्या. दोन वेळा साहेब दुसऱ्या कोर्टात, एकदा दिरांचे वकील आजारी. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवतात. फी ठरली तेवढीच घेतली, पण टायपिंग, झेरॉक्स, कमिशनरचा खर्च वेगळा. हे आधी विचारून घ्या.

मार्चमध्ये गडगा दिरांनीच उतरवला, चिरे रचून ठेवलेत. माफीनामाही दिला, एका पानाचा, त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका. २-अ चा अर्ज निकाली निघाला, दिरांना काही झालं नाही. पेट्या टेम्पोनं खाली आल्या.

अवमानच करायचा असेल तर वर्षाच्या आत जा, नंतर मुदत जाते, हेही त्यांनीच सांगितलं. सकाळी जाऊ नका, कोर्टात असतात. संध्याकाळी सहानंतर भेटतात. हुकुमाची नक्कल न्या, आणि आधी स्वतः वाचून न्या. बसायला प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या, त्यातली खिडकीजवळची मोडकी आहे.