हत्यारांच्या मुठींवर डिप व्हिनाइल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डब्यात बुडवून हवेत वाळवायचं द्रव व्हिनाइल पकडींच्या मुठी, टांगायचे हुक आणि व्हाइसचे (वस्तू आवळून धरायच्या शिकंज्याचे) जबडे अशा तीन ठिकाणी वापरलं. मुठींवर उत्तम, हुकांवर ठीक, जबड्यांवर फुकट. जबड्यांत सगळा दाब एका रेषेवर येतो आणि थर लगेच कापला जातो. तिथे ॲल्युमिनियमची पट्टीच बरी.

व्हिनाइल धातूला मुळात नीट चिकटत नाही, पायमोज्यासारखं आवळून बसतं. त्यामुळे थर मधे फाटण्याआधी काठाशी सुटतो. काठातून ओल शिरते आणि गंज आतल्या आत पसरतो, वरून मात्र सगळं चकाचक! हुकांवर हेच झालं, कारण प्रायमर मारला नव्हता. थर नेहमी गुळगुळीत, गोल भागावर संपवा. धारेवर किंवा पकडीच्या सांध्याजवळ नको. धारदार कोपरे आधी कानशीने मारून घ्या. ओला थर धारेवरून मागे सरकतो, म्हणून सर्वांत पातळ तिथेच राहतो.

तयारी : वायर ब्रश, मग 120 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ॲसिटोनने पुसणं. त्यानंतर बोट लावायचं नाही. डबा हलवू नका, काठीने सावकाश ढवळा आणि बुडबुडे वर येऊन जाईपर्यंत थांबा. बुडवताना एका इंचाला साधारण पाच सेकंद, बाहेर काढताना तितकंच सावकाश. घाई केली की ओघळ आलेच. तीन पातळ थर, मधे किमान अर्धा तास, वापराआधी पूर्ण एक दिवस. एकदाच जाड थर दिला तर वर साय धरते, सॉल्व्हंट (व्हिनाइल पातळ ठेवणारा, उडून जाणारा द्रव) आत अडकतो आणि मूठ आठवडाभर लिबलिबीत राहते. खिडक्या उघड्या ठेवा, आसपास आग नको.

पेट्रोल किंवा थिनरचा हात सतत लागत असेल तर हे घेऊ नका. थर आधी मऊ पडतो, मग त्यातला प्लास्टिसायझर (व्हिनाइल लवचीक ठेवणारा घटक) निघून कडक होऊन तडकतो. आणि रंगीत मूठ म्हणजे शॉकपासून संरक्षण नव्हे. विजेच्या कामाला 1000 व्होल्टसाठी प्रमाणित केलेलीच हत्यारं हवीत.

दोन-तीन मिलिमीटरचा दणकट थर हवा असेल तर कारखान्यातलं गरम प्लास्टिसोल (तापवून घट्ट करायचं द्रव व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी) करून घ्या. ते घरच्या ओव्हनमध्ये करू नका, जास्त तापलं तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

डब्याच्या झाकणाची खाच दर वेळी पुसा, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि उरलेला माल घट्ट होतो.