आठ महिने आणि कन्नडचा घाट: फोर बाय फोरच्या ब्रेकवर काय केलं, कशाचा उपयोग झाला

माझी सासुरवाडी चाळीसगावची, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा कन्नडचा घाट उतरणं आलंच. गाडी दहा वर्षं जुनी डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी. पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात), मागे ड्रम (फिरणारा डबा, त्याला आतून शू दाबतात), जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस नाही. घेतल्यावर हौसेनं दोन इंच उचलून घेतली आणि 235/70 चे टायर काढून 245/75 चे, म्हणजे रुंद आणि उंच घातले, रिम 16 इंचीच. गावात रुबाब वाढला. ब्रेकचं काय होईल हे ना मी विचारलं, ना टायरवाल्यानं सांगितलं.

गेल्या मे महिन्यात मागे अद्रकाची सहा पोती, आत बायको-पोरं, बाहेर बेचाळीस अंश. घाट अर्धा उतरलो आणि जळका वास सुरू झाला. पेडल दगडासारखं कडक, दाबतोय तरी गाडी आवरेना. दोन वळणांनंतर तेच पेडल चिखलात पाय रुतावा तसं खाली गेलं. दुसरा गिअर, हॅण्डब्रेक, डोंगराच्या बाजूला गाडी घेतली आणि तासभर बसून राहिलो. बायको एक शब्द बोलली नाही, त्यावरून काय ते समजा.

हे सविस्तर सांगायचं कारण असं, की त्या दोन वळणांत दोन वेगळी दुखणी होती. पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मला हा फरक तेव्हा माहीत नव्हता, म्हणून पहिला खर्च वाया गेला.

पहिला खर्च म्हणजे भारीतले सेमी-मेटॅलिक पॅड. बसवल्यावर पॅड मुरवले: मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून पंधरापर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग थंड होईपर्यंत नुसती चालवली. पकड खरंच सुधारली. सकाळी गार असताना किंचाळतात, चाकं काळ्या भुकटीनं भरतात, ते चालायचं. पण पुढच्याच खेपेला घाटात पेडल पुन्हा मऊ झालं. ह्या पॅडमध्ये धातू जास्त, त्यामुळे डिस्कची उष्णता कॅलिपरकडे (पॅड धरून दाबणारा भाग) आणि ऑइलकडेही जास्त जाते. ऑइल जुनंच होतं. एक दुखणं बरं करताना दुसऱ्याला मीच खतपाणी घातलं.

त्यानंतर बसून हिशेब केला. दोन टनांची गाडी 200 मीटर खाली उतरली तर साधारण 39 लाख ज्यूल उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. घागरभर, म्हणजे बारा लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला तेवढीच लागते. सगळं ब्रेकवर सोडलं तर ही घागर चार चाकांत तापते, आणि माझ्या गाडीत ती जवळजवळ पुढच्या दोनच चाकांत तापत होती.

ते कळलं आमच्या मिस्त्रीमुळे. त्यांनी चारही चाकं वर घेतली, मला ब्रेक दाबायला सांगितलं आणि मागचं चाक हातानं फिरवून दाखवलं. "भाऊ, मागं ब्रेकच लागंना. समदं पुढचंच वढतंय. पॅड सोन्याचे घाला, जळणारच." डाव्या ड्रममध्ये ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा व्हील सिलिंडर पाझरून लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, ऑइलनं चिंब झालेले. आपोआप जुळणारी यंत्रणा धुळीनं जाम, त्यामुळे शू आणि ड्रममध्ये भलतं अंतर. ड्रम तापला की फुगून शूपासून आणखी लांब जातो, म्हणजे गार असतानाचं अंतर तापल्यावर वाढतच जातं. दोन्ही बाजूंचे लायनर आणि सिलिंडर बदलले (एकाच बाजूचं बदलू नका, गाडी ओढते), ड्रम लेथवर साफ करून घेतले, शू हातानं जुळवले.

पण खरी गोम वेगळीच निघाली. मागच्या ॲक्सलपासून चॅसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी जाते. मागे वजन पडलं की गाडी बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. मी गाडी दोन इंच उचलली, दांडी मात्र तशीच. मागे सहा पोती असली तरी व्हॉल्व्हला वाटायचं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब रोखून धरायचा. मिस्त्रींनी उंचीइतकी पट्टी जोडून दांडी पूर्वीच्या जागी आणली. मजुरी चहापाण्याची. आठ महिन्यांत केलेल्या सगळ्या कामांत ह्याला मी पहिला नंबर देईन. एक सांगून ठेवतो: अंदाजानं दांडी जास्त ओढू नका. मागचा दाब वाढला तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि शेपूट फिरतं. आम्ही मोकळ्या कच्च्या रस्त्यावर, आधी रिकामी आणि मग भरलेली गाडी, दहा वेळा थांबवून पाहिली.

दुसरा नंबर ब्रेक ऑइलचा. काढलेलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, कधी बदललं होतं ते मलाच आठवत नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कसला ओलावा, असं मलाही वाटायचं. पण दरवर्षी पावसाळा येतोच. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, ओलावा धरल्यावर 155. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140. मी डॉट 5.1 घातलं: 260 आणि 180. नावाच्या साधर्म्यानं डॉट 5 मात्र घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि ह्यात मिसळत नाही. सीलबंद डबा डोळ्यांदेखत फोडून घ्या. गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी बाटली नको. आणि रंगावर सांडू देऊ नका, माझ्या फेंडरवर आठवण आहे.

त्याच वेळी कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना काढल्या. उजवीकडची अडकलेली होती, आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या निम्मा राहिलेला. साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं.

स्टीलच्या जाळीचे होज (चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्या) मित्राच्या आग्रहानं घातले. पेडल जरा घट्ट लागतं, छान वाटतं, पण घाटातल्या तापण्यावर फरक जाणवला नाही. जुने रबरी होज दहा वर्षांचे होते म्हणून बदलायचेच होते. नाहीतर हा पैसा राहू दिला असता. खाचांच्या डिस्कही बघितल्या होत्या. मूळ जाळीदार डिस्कची जाडी काठावर कोरलेल्या किमान आकड्याच्या बरीच वर होती, म्हणून त्याच ठेवल्या.

पावसाळ्याचा अनुभव वेगळा. आमची काळी माती चाकाला धरली की सोडत नाही, आणि ड्रममध्ये शिरली की लायनर आणि ड्रम दोन्ही खाते. जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा ड्रम उघडून साफ केले. ओढ्यातून गाडी काढल्यावर पेडल हलकंसं दाबून शंभर-दोनशे मीटर चालवतो, मगच वेग घेतो. ओला ड्रम पहिल्या दाबाला काहीच करत नाही.

आता चालवण्याबद्दल. जुनी सवय अशी की चौथ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर टेकवूनच घाट उतरायचा. आता घाट सुरू होण्याआधीच तिसरा, तीव्र उताराला दुसरा. वेग वाढला की चार-पाच सेकंद ठामपणे दाबून दहा-पंधराने उतरवतो आणि पाय पूर्ण काढतो, तेवढ्यात डिस्कला वारा मिळतो. एका पाहुण्यानं फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) टाकून उतरण्याचा सल्ला दिला. चिखलात ठीक आहे, पण कोरड्या डांबरावर नको: आमच्यासारख्या गाड्यांत पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना बांधला जातो, वळणावर दोघांना वेगळं फिरायचं असतं आणि ताण गिअरांवर येतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, वर इंजिनही बंद करून उतरणारे अजून दिसतात. इंजिन बंद म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. त्यांच्यापुढे मी गाडी नेत नाही.

एक छोटा इन्फ्रारेड तापमापक घेतला आहे. जून महिन्यात, नुसते पॅड बदललेले असताना, घाटाखाली पुढची डिस्क 340 अंशांच्या आसपास दाखवायची आणि मागचा ड्रम जेमतेम 90. ह्या महिन्यात तेवढ्याच वजनाला पुढे 210, मागे 150. उन्हाळा आणि थंडी हा फरक धरला तरी मागची चाकं कामाला लागली हे त्यातून दिसतं. खाली पोचल्यावर लगेच ढाब्यावर पाईपनं चाकांवर पाणी मारू देत नाही, किलोमीटरभर हळू चालवून मगच थांबतो.

डिसेंबरात कन्नडकडे येताना रात्री समोर उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियम. पूर्ण जोरानं दाबलं, गाडी सरळ रेषेत थांबली. मे महिन्यातली गाडी असती तर हे लिहायला मी बसलो नसतो.

तक्रारी उरल्यात. मोठ्या टायरचा व्यास जवळपास पाच टक्के जास्त, तेवढा ब्रेकचा जोर जमिनीशी कमी पडतो, तो कशानंच भरून निघालेला नाही. पॅड सकाळी अजून किंचाळतात. हे टायर संपले की मूळ मापावर जायचं ठरवलंय. मुलगा नाराज आहे, बायकोनं होकार दिलाय.