मिडीव्हल २: टोटल वॉर – मंगोल लाटांना तोंड देताना
२००६ साली आलेल्या ‘मिडीव्हल २: टोटल वॉर’ या संगणकीय युद्धखेळातील मोहीम १०८० ते १५३० असा कालखंड व्यापते, आणि पूर्वेकडील सत्ता निवडणाऱ्याची खरी कसोटी एकामागून एक येणाऱ्या मंगोल फौजा पाहतात. त्यांना मोकळ्या मैदानात गाठणे म्हणजे त्यांच्या घोडेस्वार तिरंदाजांच्या हाती आपणहून सापडणे होय. त्याऐवजी नदीवरील पूल अडवून, भालाईत पुढे आणि धनुर्धारी मागे ठेवले, तर त्यांचा वेग बराचसा निरुपयोगी ठरतो. खजिना मात्र रिकामा होतो. पुढे तैमूरी सैन्य तोफा लादलेले हत्ती घेऊन येते (ते दृश्य खरोखर भव्य आहे), पण संगणकाच्या चाली फारशा बदलत नसल्याने तोवर ही आक्रमणे काहीशी कंटाळवाणी वाटू लागतात. इंग्लंड निवडणाऱ्याला यातले फारसे भोगावे लागत नाही.